आवाज मोजण्याचे शनिवार

त्याला मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा तो मोटारसायकल चालवत नव्हता, ढकलत होता. सकाळचे सात वाजले असतील. ठाणे स्टेशनजवळ बसच्या रांगेत मी उभी होते. कोळीवाड्याच्या बोळातून तो बाहेर आला, हँडल दोन्ही हातांनी धरून, अंग पुढे झुकवून, शर्ट पाठीला चिकटलेला. चढ संपून मोठा रस्ता लागला तशी त्यानं गाडी उभी केली, थोडा दम खाल्ला आणि किक मारली. रांगेतल्या लोकांनी कानांवर हात ठेवले. एक आजोबा ओरडले, "अरे, माणसं आहेत इथे!" तो मान खाली घालून निघून गेला. गाडी दिसेनाशी झाल्यावरही आवाज बराच वेळ ऐकू येत होता.

त्याची माझी तोंडओळख होती. वागळे इस्टेटमधल्या ज्या कंपनीत मी नोकरीला होते, तिथल्याच टूलरूममध्ये तो वेल्डर होता. साल सत्त्याऐंशी. मी चोवीस वर्षांची होते, मेकॅनिकलचा डिप्लोमा करून टेस्टिंग विभागात लागले होते. शेडवर काम करणाऱ्या आम्ही दोनच बायका, एक मी आणि दुसऱ्या स्टोअर सांभाळणाऱ्या बाई. कंपनी हवेचे कॉम्प्रेसर बनवायची. परदेशी जाणाऱ्या कॉम्प्रेसरचा आवाज किती, हे कागदावर लिहून द्यावं लागे, आणि त्यासाठी एक आवाज मोजायचं यंत्र आणलेलं होतं. कातडी पेटीत ठेवलेलं, काट्याचं, हातात मावेल एवढं. ते हाताळायची परवानगी फक्त मला होती. त्याचा मला कोण अभिमान!

त्याच दिवशी तो एक वेल्ड केलेला पाइप घेऊन आमच्या शेडमध्ये आला, तेव्हा मी विचारलं, "तुमची गाडी रोज सकाळी बंद पडते का?"

"बंद नाही पडत, मॅडम. बाबांसाठी ढकलतो."

मला कळलं नाही, हे माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. पाइप टेबलावर ठेवून त्यानं सांगितलं. त्याचे वडील खाडीत होडी घालायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून ते बाहेरच्या खोलीत, खिडकीखालच्या खाटेवर असतात. अचानक मोठा आवाज झाला की त्यांचं अंग थाडथाड उडतं आणि मग ते रडायला लागतात. एवढा मोठा माणूस पोरासारखा रडतो, ते घरात कुणाला बघवत नाही. म्हणून सकाळी रस्त्यापर्यंत गाडी ढकलत आणायची आणि संध्याकाळी रस्त्यावरच इंजिन बंद करून घरापर्यंत ढकलत न्यायची.

"मग दुसरी गाडी घ्या ना," मी म्हटलं. आज आठवलं तरी लाज वाटते, इतकं सहज म्हटलं.

"ही बाबांचीच हाय," तो म्हणाला.

ती गोष्टही पुढे हळूहळू कळली. साठीच्या दशकात इस्टेटमधल्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला एक परदेशी इंजिनीअर आला होता. रविवारी तो यांच्या होडीतून खाडीत फिरायचा. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं, त्याला मराठी येत नव्हतं, तरी दोघं दिवस दिवस होडीत असायचे. तो मायदेशी परत गेला तेव्हा आपली मोटारसायकल त्यानं वडिलांच्या अंगणात लावली आणि कागदपत्रं हातात दिली. वडिलांना सायकलही चालवता येत नव्हती. गाडी कित्येक वर्षं जाळ्यांच्या ढिगाखाली पडून राहिली. मुलगा कामाला लागला तेव्हा त्यानं ती उकलून, घासून, जोडून चालू केली.

ती साधी गाडी नव्हतीच. ट्रायलची होती. ट्रायल म्हणजे शर्यत नव्हे, हे मला त्यानंच समजावलं. ओढ्यातल्या धोंड्यांवरून, चिखलातून, चढणीवरून माणसाच्या चालीनं गाडी न्यायची आणि पाय जमिनीला लावायचा नाही. जितक्या वेळा पाय टेकेल तितके गुण कमी. म्हणून ती गाडी शिडशिडीत होती, जमिनीपासून उंच, आणि सीट एकाच माणसापुरती. मागे कुणाला बसवायची सोयच नव्हती.

आठवड्याभरानं तो पुन्हा आला. हात पुसत दारातच उभा राहिला. "मॅडम, एक विचारायचं होतं. तुमच्या यंत्रानं माझी गाडी मोजाल का? कुठून किती आवाज येतो ते कळलं तर कमी करता येईल. नुसत्या कानानं करून बघितलं, पण नाही कळत."

मी साहेबांना विचारलं. आमचे साहेब कडक होते, पण असल्या खटपटींचं त्यांना आतून कौतुक असे. त्यांनी तीन अटी घातल्या. शनिवारी अर्धा दिवस संपल्यावर मोजायचं, यंत्र शेडबाहेर जाणार नाही, आणि स्टोअरमधल्या बाई तिथे बसतील. तिसरी अट का होती ते तिघांनाही कळलं. बाई लोकरीचं विणकाम घेऊन आल्या आणि खुर्ची दाराशी ओढून बसल्या. "चालू द्या तुमचं," म्हणाल्या, "माझ्या नातवाचा स्वेटर तरी होईल."

पहिल्या शनिवारी गाडी शेडमध्ये चालू केली आणि यंत्राचा काटा पार शेवटच्या टोकाला जाऊन टेकला. बाईंनी विणकाम मांडीवर टाकून कान झाकले. मी त्याला खूण करून बंद करायला लावलं.

"एवढा?" तो म्हणाला.

"मोजताच येत नाहीये. यंत्राचा मोजायचा पट्टा बदलावा लागेल."

त्याला हसू आलं. त्याचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मला कॉम्प्रेसरवर काम करून एक गोष्ट माहीत झाली होती. आवाज एक वाटतो, पण तो अनेक ठिकाणांहून येत असतो. सगळ्यात मोठा आधी वेगळा काढायचा. म्हणून आम्ही सायलेन्सरच्या तोंडाला पत्र्याचा लांब पाइप जोडला आणि भिंतीतल्या भोकातून बाहेर सोडला. धुराबरोबर तो आवाजही शेडबाहेर गेला आणि मग आतले बाकीचे आवाज उघडे पडले. कार्ब्युरेटर हवा ओढताना घोरल्यासारखा आवाज येत होता. चेनचं कव्हर खडखडत होतं. आणि या सगळ्यावर एक बारीक, धातूचा, कानात टोचणारा आवाज होता, तो कुठून येतो ते काही केल्या कळेना.

सायलेन्सरपासून सुरुवात केली. त्यानं तो कापून उघडला. आत भोकं असलेली नळी होती आणि तिच्याभोवती कधीकाळी भरलेलं जे काही होतं त्याचा जळून तेलकट कोळसा झाला होता. बॉयलरच्या दुरुस्तीतून उरलेलं ग्लासवूल, काचेच्या तंतूंची लोकर, साहेबांनी घेऊ दिलं. त्यानं नळीला बारीक जाळी गुंडाळली, त्यावर ग्लासवूलचे थर बसवले आणि पुन्हा वेल्ड मारला. ग्लासवूलनं दोघांचेही हात कोपरापर्यंत खाजत होते. बाईंनी घरून खोबरेल आणून दिलं. "आधी गार पाण्यानं धुवा, मग लावा. चोळू नका," असं दरडावून सांगितलं.

काटा खाली आला. तो इतका खूश झाला की त्या उत्साहात पुढच्या शनिवारपर्यंत त्यानं सायलेन्सरच्या आत आणखी दोन आडपडदे घालून आणले. आवाज अगदीच कमी झाला, पण गाडीचा दम कोंडला. शेडच्या मागे मातीचा एक उंचवटा होता. त्यावर हळू चढवताना इंजिन गुदमरलं आणि बंद पडलं. ट्रायलच्या गाडीला कमी वेगात ताकद लागते, तीच गेली होती.

"काढून टाकतो सगळं," तो चिडून म्हणाला. "एक मिळवायला गेलं की दुसरं जातं."

"काढू नका. लांबी वाढवा," मी म्हटलं. "धूर अडवायचा नाही, त्याला वाट लांब द्यायची. वाटेत त्याचा आवाज कमी होईल."

हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, स्वतः कधी केलं नव्हतं. तो खडूनं जमिनीवरच आकृती काढायला लागला. मीही वाकून रेघा ओढल्या. त्या दिवशी घरी गेले तेव्हा आईनं विचारलं, "पदराला खडू कसला?" मी म्हटलं, "कामाचा." ते खोटं नव्हतं.

पडदे काढून मागच्या चाकाकडे दुसरा एक डबा जोडला. ते जमायला दिवाळी उलटली. मध्येच कार्ब्युरेटरसाठी त्यानं पत्र्याची पेटी बनवली, आत स्पंज घातला, तेव्हा ते घोरणं थांबलं. चेनच्या कव्हरला आतून बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, चिकटवली. दर शनिवारी मी आकडे वहीत लिहीत होते. वही कंपनीची नव्हती, माझी होती.

आता राहिला तो टोचणारा आवाज. एकदा इंजिन गार असताना मी हातातली पेन्सिल सहज सिलिंडरवर टेकवली. सिलिंडरभोवती हवेनं गार व्हायला पातळ पाती असतात, त्यांना फिन म्हणतात. पेन्सिल एका पात्याला लागली आणि ते टाळासारखं किणकिणलं. मी पुन्हा वाजवलं. मग पात्यावर अंगठा दाबून वाजवलं. नुसतंच टक्.

"इकडे या!" मी जवळजवळ ओरडलेच. बाईंची सुई थांबली.

तो गुडघ्यांवर बसला. मी वाजवून दाखवलं, अंगठा ठेवून दाखवलं. मग त्यानं पेन्सिल घेतली आणि एकेक पातं वाजवत गेला. वरची पाती बारीक आवाजाची, खालची जाड. बराच वेळ तो वाजवत राहिला. मग म्हणाला, "हे मला सहा वर्षांत कळलं नाही. तुझ्या हाताला कळलं."

तो 'तुझ्या' म्हणाला, हे त्याच्याही लक्षात आलं आणि माझ्याही. बाईंनी लोकरीचा गुंडा उचलून पिशवीत घातला.

पात्यांच्या मध्ये रबराचे तुकडे बसवायचे, हे ठरलं. पहिल्यांदा त्यानं होडीला बांधलेल्या ट्रकच्या ट्यूबचं रबर कापून घातलं. ते वितळलं आणि शेडमध्ये इतकी घाण सुटली की साहेब धावत आले. मग कॉम्प्रेसरच्या भंगारातलं, उष्णता सोसणारं रबर मिळालं. बोटाच्या पेराएवढे तुकडे आम्ही दोघांनी मिळून कापले आणि एकेक करून दाबून बसवले.

त्या शनिवारी यंत्र हातात धरून मी उभी होते आणि दोघंही काटा स्थिर व्हायची वाट बघत होतो. काटा जिथे थांबला तो आकडा पाहून मला आधी यंत्रच बिघडलं असं वाटलं. पुन्हा मोजलं. तोच आकडा. गाडी धावत्या शिवणयंत्रासारखी हळू, गोल आवाजात चालत होती. आणि आम्ही तिघंही कुजबुजतच बोलत होतो, जणू नाहीतर आमचाच आवाज मोठा व्हायचा.

"बाबांना दाखवायचं," तो म्हणाला. "तू येशील?"

दुसऱ्या दिवशी रविवारी, बाईंना घेऊनच, मी कोळीवाड्यात गेले. नौपाड्यातल्या आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. जन्म ठाण्यात गेला, पण त्या बोळात मी कधी शिरले नव्हते. आमच्याकडे मासे शिजत नसत, त्यामुळे बाजारालाही यायचं कारण नव्हतं. त्याच्या आईनं दारातच हात धरला. "ये गो पोरी, बस. तू ती मोजणारी ना?"

वडील खिडकीखाली खाटेवर होते. रुंद खांदे, पण एक बाजू लुळी. तोंडही जरा वाकडं झालेलं, बोलणं जड. त्यांनी मला पाहिलं आणि चांगल्या हातानं बसायची खूण केली. आई त्यांच्या खांद्याला धरून उभी राहिली, आवाज झालाच तर आधार द्यायला. तो बाहेर अंगणात गेला. मला खिडकीतून दिसलं, त्यानं हळूच किक मारली.

वडील दाराकडे बघत होते. थोडा वेळ गेला. मग त्यांनी वैतागून आवाज दिला, "चालू कर ना रं! कवाची वाट बगतंय मी."

"चालूच हाय, बाबा."

त्यांना खरं वाटेना. त्यांनी मान वळवली, कान दिला. मग त्यांच्या चेहऱ्याच्या चांगल्या बाजूला हसू आलं, आणि दुसऱ्या बाजूच्या डोळ्यातून पाणी. आईनं पदरानं ते टिपलं. त्यानं आत येऊन माझ्याकडे पाहिलं. मी बाईंकडे पाहिलं, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते मला सुचेना.

निघताना आईनं सुक्या जवळ्याची चटणी आणि भाकरी पुढे केली. मी खाल्ली. घरी जाण्याआधी नळावर तीनदा चूळ भरली, त्याचंही वाईट वाटलं.

फेब्रुवारीत कल्याणच्या पुढे, मलंगगडाच्या बाजूला, एका कोरड्या ओढ्यात ट्रायल होती. मुंबई-पुण्याकडचे दहा-बारा हौशी लोक दरवर्षी ती भरवत. आदल्या वर्षी हा तिथे गेला होता आणि गुरं बिथरली म्हणून गावकऱ्यांनी त्याला परत पाठवलं होतं. या वेळी बाई आणि मी एसटीनं गेलो. टॉवेल डोक्यावर घेऊन धोंड्यांवर बसलो.

बाकीच्या गाड्या आल्या तेव्हा ओढा दणाणून गेला. मग हा आला. चाकाखाली दगड सरकल्याचं ऐकू येत होतं. पलीकडच्या बांधावर एक म्हैस चरत होती, तिनं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. तो उभा राहून, गुडघे किंचित वाकवून, धोंड्यावरून धोंड्यावर गाडी नेत होता. इतक्या हळू की वाटावं आता पडेल, आता पडेल. शेवटच्या चढणीवर त्याचा पाय एकदा टेकला. एकदाच. त्याचा चौथा नंबर आला. बक्षीस तिसऱ्यापर्यंतच होतं, पण बाईंनी टाळ्या इतक्या वाजवल्या की लोक वळून बघायला लागले.

परत येताना कल्याणला स्टँडसमोर चहाला थांबलो. बाई बिस्किटं आणायला दुकानात गेल्या आणि मुद्दामच तिथे रेंगाळल्या, असं मला आता वाटतं.

त्यानं कप खाली ठेवला. "तुझ्या घरी येऊन बोलू का?"

मी काय ते समजले. बरेच दिवस समजत होते. "थोडं थांब," मी म्हटलं. "आधी मी बोलते."

"किती थांबू?"

"थोडं."

"बरं," तो म्हणाला. "तू सांगशील तेव्हा."

इथून पुढचं लिहिताना मला कुणावर ढकलता येत नाही. माझे वडील कोर्टात नोकरीला होते, शांत माणूस. त्यांनी आयुष्यात माझ्यावर आवाज चढवला नाही. मला कुणी कोंडलं नाही, धमकावलं नाही. मी रोज ठरवत होते, आज बोलायचं. रोज त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवत होते आणि परत स्वयंपाकघरात येत होते. आई स्थळं बघत होती, पत्रिका जुळवत होती. घरातलं ते सगळं इतकं नेहमीचं होतं की त्यात मला माझं वाक्य घालायला जागाच सापडेना.

तो संध्याकाळी कामावरून जाताना कधीकधी आमच्या गल्लीतून जायचा. थांबायचा नाही, वर बघायचा नाही. पूर्वीची गाडी असती तर अख्खी चाळ गॅलरीत आली असती. आता कुणाला पत्ता लागत नव्हता. मला मात्र तो आवाज ओळखता येत होता. भाजी निवडता निवडता हात थांबायचा.

एप्रिलमधली एक संध्याकाळ. वडील गॅलरीत वर्तमानपत्र वाचत होते. मी त्यांच्यामागे वाळलेले कपडे काढत होते. तो गल्लीतून गेला. वडिलांनी चष्मा वर करून खाली पाहिलं.

"ही गाडी चांगली आहे गं," ते म्हणाले. "जरासुद्धा आवाज नाही. कुणाची आहे कोण जाणे. हल्ली बऱ्याचदा जाते इथून."

ते माझ्याकडे वळून बघत होते. चेहरा अगदी निवांत. माझ्या हातात त्यांचाच सदरा होता. 'मला माहीत आहे कुणाची आहे. आवाज आम्ही दोघांनी कमी केलाय.' एवढंच म्हणायचं होतं. पुढचं त्यांनीच विचारलं असतं.

"हं," मी म्हटलं. "दूध उतू जाईल," असं म्हणून आत गेले. गॅसवर दूध नव्हतं.

त्यानंतर मला त्याच्या डोळ्यांकडे नीट बघता आलं नाही. त्यानं विचारलं नाही. मी सांगेन तेव्हा, असं तो म्हणाला होता आणि तो शब्दाचा पक्का होता. त्याच्या त्या पक्केपणाचाच मला राग यायचा. त्यानं एकदा येऊन आमचं दार वाजवावं असं वाटायचं. पण नको म्हटलं होतं ते मीच.

पावसाळ्यानंतर डोंबिवलीचं स्थळ आलं. मुलगा बँकेत, स्वभावानं साधा, बोलायला मोकळा. नाही म्हणायला कारण एकच होतं आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. ठरलं.

त्याला मीच सांगायला गेले, टूलरूममध्ये, जेवणाच्या सुट्टीत. तो एकटाच होता. वेल्डिंगची काच कपाळावर सरकवलेली. मी सांगितलं. मग त्यानं हातमोजे काढून टेबलावर एकावर एक ठेवले.

"अभिनंदन," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "जायच्या आधी ते यंत्र नीट तपासून ठेवा मॅडम. नवीन माणसाला तुमच्यासारखं जमणार नाही."

तुम्ही. मॅडम. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

लग्नानंतर मी डोंबिवलीला आले. एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम मिळालं. मुलगी झाली. नवरा चांगला आहे, हे मी उपकारानं म्हणत नाही, तो खरंच चांगला आहे. पण शनिवारी दुपारी कारखान्याची यंत्रं थांबली आणि एकदम शांत झालं की मला काहीतरी करायचं राहिलंय असं वाटायचं. काय राहिलंय ते आठवत नसे. आठवायचं तेव्हा मी उठून दुसरं काम काढत असे.

सात-आठ वर्षांनी माझ्या वडिलांचं ऑपरेशन झालं, म्हणून मी ठाण्यात महिनाभर राहिले. एका दुपारी, दवाखान्यातून घरी जाता जाता, पाय कोळीवाड्याकडे वळले. दार उघडंच होतं. त्याची आई जाळं विणत बसली होती. केस पांढरे झालेले. मला वाटलं ओळखणार नाही.

"मोजणारी," ती म्हणाली.

मी बसले. तिनं सांगितलं. माझ्या लग्नानंतर वर्षभरानं त्याचे वडील गेले. पुढे तो आखातात गेला, बोटींच्या गोदीत. लग्न झालं, दोन मुली आहेत. गाडी नाशिकच्या कुणा हौशी माणसाला दिली. तो माणूस न्यायला आला तेव्हा टेम्पो बोळात शिरेना, म्हणून यानं शेवटचीही ती ढकलतच रस्त्यापर्यंत नेली.

ती जाळ्याची गाठ मारत राहिली. मग म्हणाली, "शेवटच्या सालाला म्हातारा झोपायचाच नाय. रोज दुपारी पोराच्या मागं लागायचा, गाडी खिडकीखाली लाव, चालू ठेव. ती चालू असली का त्याला झोप लागायची. होडीत बसल्यासारखा वाटतं, बोलायचा." तिनं सुई थांबवून माझ्याकडे पाहिलं. "सुट्टी टाकून टाकून पोरगा गाडीपाशी बसून रायचा. तुला कुनी सांगितला नसंल."

नव्हतंच सांगितलं. मी तिथे, तिच्यासमोर, खूप रडले. तिनं रडू दिलं. उठताना तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरमागून एक पाकीट काढलं आणि त्यावरचा पत्ता मला उतरवून घ्यायला सांगितला.

मी पत्र लिहिलं. तुमच्या वडिलांबद्दल आत्ता कळलं, वाईट वाटलं, एवढंच. तीन महिन्यांनी उत्तर आलं. एका पानाचं. तो लिहीत होता की बोटींवरच्या जनरेटरचे आवाज कमी करायचं काम त्याच्याकडे आहे आणि हाताखाली चार माणसं आहेत. "आधी सगळ्यात मोठा आवाज वेगळा काढायचा, हे तुम्ही शिकवलेलं मी त्यांना सांगतो. कुणी शिकवलं असं विचारतात तेव्हा मॅडमनी असं सांगतो." शेवटी, तुम्ही सुखी असाल अशी आशा करतो.

पत्र नवऱ्याला दाखवलं. लिहिणारा आमच्या जुन्या कंपनीतला, एवढं तो जाणून होता. त्यानं ते पूर्ण वाचलं, मग पहिल्यापासून पुन्हा वाचलं. माझ्याकडे देताना म्हणाला, "उत्तर पाठव त्यांना."

"पाठवते," मी म्हटलं.

चार-पाच वेळा कागद घेऊन बसले. जे लिहायचं होतं ते लिहिण्यासारखं नव्हतं आणि जे लिहिण्यासारखं होतं ते मला लिहायचं नव्हतं. तेवढ्यात आम्ही डोंबिवलीतलंच घर बदललं, स्टेशनच्या पलीकडे राहायला गेलो. नवा पत्ता मी पोस्टकार्डांवर लिहून बऱ्याच जणांना कळवला, आखातात मात्र नाही.